बोहनीचा टोळवटवट्या

माझ्या आत्याला सगळे कानसेन म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. वरवर ती "काहीतरीच काय!" म्हणते, पण म्हणताना मान अशी ताठ होते की बघत राहावं. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. तोंडात टाचण्या, पायाखाली मशीनची खडखड, आणि तरी खिडकीकडे न बघता ती मध्येच सांगते, "दयाळ. नर. आज स्वारी खुशीत आहे." मी धावत जाऊन बघते, तर खरंच दयाळ, खरंच नर. खुशीत आहे की नाही ते मला कळत नाही, पण आत्या म्हणते म्हणजे असणारच.

आत्याचा पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे. गट म्हणजे तीन माणसं, पण नियम असे की एखाद्या संसदेने लाजावं. एक आत्या. दुसरे दाढकाका. ते दातांचे डॉक्टर. माझ्या दातांना तारा त्यांनीच लावल्या आणि त्यांनीच काढल्या. तारा होत्या तोवर मी तोंड मिटून बसायचे, वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. तारा निघाल्या आणि मी जी सुटले ती सुटलेच. आता आत्या मला टकळी म्हणते आणि दाढकाका कपाळावर हात मारून म्हणतात, "हे पाप माझंच." तिसऱ्या शू मावशी. त्या ग्रंथपाल होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण ओठांवर बोट ठेवायची सवय काही निवृत्त झाली नाही. माळावर कोणी बिस्किटाचा पुडा उघडला तरी त्या "शू!" करतात. मग त्यातलं बिस्किट घेतात.

मला या गटात शिरायचं होतं. पाहुणी म्हणून नाही, हक्काने. कारण सुट्टी लागली की हे तिघं मोठ्या दलदलीवर मुक्कामाला जातात. तंबू, होडी, धुक्यातून उठणारे बदकांचे थवे, सगळं काही. आणि तिथे फक्त सभासदांनी जायचं. आई हो म्हणाली होती, बाबा हो म्हणाले होते, अडला होता तो नियम. नव्या माणसाने आधी बोहनी करायची! हा शब्द आत्याने दुकानातून आणलेला. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहनी, तसा नव्या सभासदाचा पहिला पक्षी. तो स्वतः शोधलेला पाहिजे, त्या वर्षी गटात कोणालाही न मिळालेला पाहिजे, आणि दोन सभासदांनी तो मान्य केला पाहिजे. नातेवाइकाचं मत धरत नाहीत. म्हणजे आत्या बाद. उरले दाढकाका आणि शू मावशी, आणि दोघांनाही पटलं तरच माझं होडीतलं बूड पक्कं.

होडीवाल्याला नावं कळवायची वेळ जवळ आली होती आणि माझी बोहनी काही होत नव्हती. मी कोणकोणत्या साळुंकीला काय काय समजले ते इथे लिहीत नाही.

जुन्या धावपट्टीच्या मागे एक गवताळ माळ आहे. विमानं केव्हाच बंद झाली, गवत मात्र कमरेपर्यंत आलंय. त्या रविवारी सकाळी आम्ही तिथे एकामागे एक चाललो होतो, मी शेवटी, कारण पाहुण्यांनी शेवटी चालायचं असाही नियम आहे. आणि मला आवाज आला. बारीक, कोरडा, सलग. उतारावर पाय न मारता सायकल सोडली की मागचं चाक किरकिरतं ना, तसा. फक्त खूप वरच्या पट्टीत, आणि मध्ये श्वाससुद्धा न घेता.

"कोणी सायकल आणलीय का इकडे?" मी विचारलं.

"शू!" मावशी म्हणाल्या.

"अहो, खरंच! ऐका ना. किर्र्र्र... ते बघा, अजून चालूच आहे."

तिघं थांबले. तिघांनी माना वाकड्या केल्या. दाढकाकांनी तर कानामागे हाताची वाटी धरली. वारा, गवताची सळसळ आणि माझी किर्र्र्र.

"कुठे गं?" आत्याने विचारलं.

"त्या वाळक्या झुडपाच्या बुडाशी. आता डावीकडे सरकला. नाही, उजवीकडे. आता थांबला. आला, परत आला!"

"टकळे," दाढकाका म्हणाले, "तुझ्या डोक्यातलं चाक फिरतंय ते. तेल घाल."

"बरं, रीतीने सांग," शू मावशी म्हणाल्या. रीत म्हणजे गटातला सगळ्यात मोठा नियम. आधी वर्णन, मग नाव. रंग, आकार, चाल, आवाज, याच क्रमाने, आणि नाव सगळ्यात शेवटी. मावशींचं म्हणणं असं की नाव आधी घेतलं की बाकीच्यांचे डोळे ते नावच बघतात, पक्षी बघत नाहीत.

"रंग दिसला नाही," मी सुरुवात केली. "आकार दिसला नाही. चाल दिसली नाही."

"वा! तीन पेपर कोरे," दाढकाका म्हणाले.

"पण चौथ्यात पैकीच्या पैकी! आवाज सलग, किडा किरकिरल्यासारखा, आणि एका जागी बसून मान फिरवत असावा, कारण आवाज कमीजास्त होतोय. नाव सांगू?" मी एक मोठा श्वास घेतला. "टोळवटवट्या."

कोणीच हसलं नाही. आत्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं मी काहीतरी वाईट बोलले.

टोळवटवट्या म्हणजे टोळासारखा किरकिरणारा एक वटवट्या. साधा वटवट्या गवताच्या टोकावर बसून लांब शेपटी नाचवतो, मिरवतो. हा बुडाशी दडून उंदरासारखा पळतो. तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि तोसुद्धा क्वचित. आत्या तरुण असताना याच माळावर तो दर वर्षी यायचा. त्याच्यासाठीच ती पक्षी बघायला लागली, आणि त्याच्या किरकिरीचं वर्णन तिच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलेय. मग तो यायचा बंद झाला. त्यावर तिने गटाच्या वार्षिक पत्रकात एक लेख लिहिला होता, "माळ मुका झाला". तो वाचून शू मावशींचा हुंदका दाराबाहेर ऐकू गेला होता म्हणे.

"नाही गं बाळा," आत्या हळूच म्हणाली. "तो येत नाही आता. मी दर वर्षी वाट बघते. आला असता तर मला आधी कळलं असतं."

आणि झुडपाखाली तो आपला किर्र्र्र करतच होता! अगदी ती बोलत असताना!

मला वाटलं हे तिघं ठरवून माझी फिरकी घेतायत. नव्या माणसाची घेतात तशी. मी घरी येईपर्यंत फुगून बसले, आणि मी गप्प आहे हे बघून आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून येताना मी दुकानात गेले. काज-बटणं करायला मी आत्याला मदत करते, निदान मदत करते असं आम्ही दोघी म्हणतो. आत्या एका कोटाला अस्तर लावत होती. टेबलावर नवी वाफेची इस्त्री तापत होती, आणि तापून झाल्यावर तिने शिट्टी मारायला सुरुवात केली. बारीक, कानात सुई घातल्यासारखी.

"आत्या, इस्त्री बोंबलतेय."

"कोण?"

"इस्त्री! केव्हाची!"

"ती कुठली बोंबलायला," आत्या दोरा दातांनी तोडत म्हणाली. "शिट्टीची म्हणून जास्त पैसे घेतले दुकानदाराने, आणि निघाली मुकी. जाऊन भांडणार आहे मी त्याच्याशी."

इस्त्री बोंबलतच होती. मी इस्त्रीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. बाहेर कुठेतरी एक बुलबुल बोलला आणि आत्याने मान वर न करता सांगितलं, "बुलबुल आला बघ पाण्यावर." बुलबुल लगेच ऐकू आला. हातभर अंतरावरची इस्त्री नाही.

माझ्या हातातलं बटण खाली पडलं आणि घरंगळत मशीनखाली गेलं. ते शोधायच्या निमित्ताने मी बराच वेळ खालीच बसून राहिले, कारण मला विचार करायचा होता आणि माझा चेहरा काही लपवता येत नाही.

म्हणजे टोळवटवट्या गेलाच नव्हता! तो दर वर्षी येत होता, गळा फाडून गात होता. गेले होते ते कान. सगळे नव्हे, फक्त वरच्या पट्टीपुरते. आणि गंमत अशी की तिघांचे एकदमच गेले. तिघं एका वयाचे, एकत्र हिंडले, एकत्र पिकले. एकाला जरी ऐकू आलं असतं तरी त्याने दुसऱ्याला ढोसलं असतं. तिघांनाही ऐकू आलं नाही, म्हणून तिघांनी मिळून ठरवलं की पक्षी गेला. आणि तरुण माणूस गटात एकही नाही, कारण नियम!

मी पोट धरून हसणारच होते. मग समोर बघितलं. आत्याचे पाय दिसले, मशीनच्या पॅडलवर तालात हलणारे, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. कानसेनला जाऊन कसं सांगायचं, की बाई गं, तुझे कान गेले? त्याच कानांवर तर ती मान ताठ करते. पण सांगितलं नाही तर माझी बोहनी गेली, होडी गेली. फोनवर आवाज पकडून ऐकवावा म्हटलं, तर जे माळावर ऐकू येत नाही ते फोनवर काय डोंबल येणार?

"सापडलं का बटण, की तिथेच संसार थाटतेस?" वरून आत्याचा आवाज आला.

"सापडलं, सापडलं!"

बटण नाही, युक्ती सापडली होती. ऐकवायचा नाहीच. दाखवायचा! कानांचं काहीही होवो, डोळे तिघांचेही घारीचे आहेत. मी आवाजाच्या मागे जाऊन जागा हेरायची, यांना तिथे बसवायचं, आणि पक्षी वर आला की रंग, आकार, चाल एवढ्यावर काम भागवायचं. आवाजाचं नावसुद्धा काढायचं नाही. बोहनी माझी, मान आत्याची. मी स्वतःवरच इतकी खूश झाले की काज उलट्या बाजूला केलं.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही माळावर होतो. "आज मी पुढे चालणार," मी जाहीर केलं.

"नियम..." शू मावशींनी बोट वर केलं.

"एक दिवस, मावशी. चुकले तर होडीचं नाव काढणार नाही. दलदल कुठे असते तेसुद्धा विसरेन."

"लिहून घ्या हो हे," दाढकाका म्हणाले.

किर्र्र्र. होताच! मी त्या आवाजाचं बोट धरल्यासारखी चालत गेले. थोडं चालायचं, थांबायचं, मान फिरवायची. शेवटी एका खुरट्या झुडपासमोर, ओल्या गवतात, तिघांना बसवलं. दाढकाकांचे गुडघे असे वाजले की पक्षी उडतो की काय असं मला वाटलं.

मग वाट बघणं. मुंग्या चढल्या, पँटी भिजल्या. दाढकाकांनी खुणेने विचारलं की अजून किती. मी खुणेने सांगितलं की गप्प बसा. आत्या मात्र झुडपाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी कान देऊन ऐकत होते हे तिच्या लक्षात आलं असावं. मी पटकन तोंड दुसरीकडे केलं.

आणि गवत हललं. बुडाशी काहीतरी तपकिरी सरपटलं, अगदी उंदीर. एका काडीआडून दुसऱ्या काडीआड. मग ते चढायला लागलं, तुरुतुरु, आणि झुडपाच्या टोकाच्या जरा खाली, उगवत्या उन्हात येऊन बसलं. दुर्बिणीत पाहिलं तर पाठीवरची एकेक रेघ मोजता येत होती.

"रीतीने," मी कुजबुजले. "मावशी, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलेलं कोणी खोडत नाही." मला वाटलं मी केवढी हुशारी केली.

शू मावशी दुर्बीण न काढता सांगू लागल्या. "रंग, शेवाळी तपकिरी. पाठीवर गडद रेघा. भुवई अगदी फिकट. पाय गुलाबीसर. आकार, चिमणीहून सडपातळ, शेपूट रुंद आणि टोकाला गोल. शेपटीखालची पिसं लांब, त्यांच्यावरही रेघा आहेत."

"साध्या वटवट्याच्या नसतात," दाढकाका पुटपुटले. त्यांचा आवाज बदलला होता.

"चाल, गवतात उंदरासारखी. चढताना पाहिली आपण सगळ्यांनी. आणि आवाज..."

मावशी थांबल्या.

मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. रीत! चौथं कलम! इतकी वर्षं त्या क्रमाने बोलत आल्या होत्या, आज चौथं कसं गाळणार होत्या?

दुर्बिणीत पक्षी स्पष्ट दिसत होता. चोच सताड उघडी. घसा फुगलेला, थरथरत होता, इतका की अख्खं अंग त्याच्याबरोबर थरथरत होतं. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे जात होती. तो जीव तोडून गात होता. आणि तिघं जण त्याच्याकडे बघत होते, शांत, एखादं मुकं चित्र बघावं तसे.

"गातोय तो?" आत्याने विचारलं.

बोलायची सोय नव्हती आणि गप्प बसायचीही नव्हती.

"टकळे. तुला विचारतेय. आत्ता, या क्षणी गातोय?"

"हो."

"मोठ्याने?"

"...खूप मोठ्याने, आत्या. त्या दिवशीपण गात होता."

आत्याने दुर्बीण खाली केली, पुन्हा डोळ्यांना लावली, पुन्हा खाली केली. मला वाटलं, गेलं सगळं. होडी चुलीत गेली, मी आत्याला रडवलं.

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "तुम्हाला?"

"अं... वारा ऐकू येतोय," दाढकाका म्हणाले.

"बाई, तुम्हाला?"

शू मावशींनी नुसती मान हलवली.

"म्हणजे हा बापडा दर वर्षी येऊन आपल्यापुढे बोंबलत होता," आत्या सावकाश म्हणाली, "आणि आपण त्याला श्रद्धांजली वाहून मोकळे झालो."

"आणि मी रडले!" शू मावशी म्हणाल्या. "चांगली दोन रुमाल रडले!"

"माळ मुका झाला, म्हणे. माळ नाही हो मुका झाला, बाई. आपणच..." दाढकाका बोलता बोलता अडकले आणि आत्याकडे बघायला लागले.

"बोला, बोला! थांबलात कशाला? बहिरे आपण झालो!" आणि आत्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ती गवतात मागे कलंडली आणि खदाखदा हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं, एवढं मला कळतं, पण बरंचसं हसण्याचंच होतं. दाढकाका हसले, मावशी तोंडावर हात दाबून हसल्या, आणि टोळवटवट्या घाबरून पुन्हा बुडाशी गेला.

"तुला ठाऊक होतं," आत्या डोळे पुसत मला म्हणाली. "म्हणून आवाजाचं नाव काढलं नाहीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच. वाटणारच. पण अगं वेडे, तो आहे! मी समजत होते की तो संपला." तिने माझा गालगुच्चा घेतला, जरा जोरातच. "माझे कान जाऊ देत खड्ड्यात. तो आहे!"

"मुद्द्यावर या," शू मावशी घसा साफ करून म्हणाल्या. "रंग मान्य. आकार मान्य. चाल मान्य."

"आवाजही मान्य," दाढकाका म्हणाले. "ऐकला नसला तरी. जन्म गेला माझा उघड्या तोंडांत डोकावण्यात. ते तोंड काय उगाच उघडलं नव्हतं."

"मग नाव सांग," मावशी मला म्हणाल्या.

"टोळवटवट्या!" मी ओरडले, आणि त्या दिवशी कोणी मला गप्प केलं नाही.

बोहनी झाली. होडीत माझी जागा पक्की झाली, आणि दाढकाकांनी लगेच बजावलं की वल्ही नव्या सभासदाने मारायची असतात, तसा नियम आहे. हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला असणार. मग दाढकाका आणि मावशी भांडायला लागले की पत्रकात आता काय छापायचं. दाढकाका म्हणाले, पक्षी परत आला असं छापू, झाकली मूठ. मावशी म्हणाल्या, खोटं छापायचं नाही, गेलाच नव्हता तो. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सुरू झाला ना?" तिने विचारलं.

झाला होता. झुडपाखालून, आधी दबकत, मग सलग.

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या भुवया सांगतात." तिने हाताचा तळवा माझ्यापुढे धरला. "दाखव."

आधी मला समजलंच नाही. मग मी तिच्या तळव्यावर बोट टेकवलं आणि त्याच्या आवाजाबरोबर थरथरवायला लागले. तो चढला की जोरात, मान वळवून लांब गेला की हलकं. तो थांबला की बोट उचलायचं. पुन्हा सुरू झाला की पुन्हा टेकवायचं. आत्याने डोळे मिटले होते.

"किती वेळ गातो गं," ती म्हणाली. "दम कसा लागत नाही याला? हो, असाच होता. अस्साच होता तो."

"काय चाललंय तिकडे?" दाढकाका भांडण सोडून आले. बघितलं, आणि कोटाची बाही वर सारून त्यांनीही हात पुढे केला. "माझ्याही हातावर काढ की."

"रांगेत या, डॉक्टर," शू मावशी म्हणाल्या, आणि स्वतः रांग मोडून त्यांच्या आधी हात पुढे करून बसल्या.

माझे हात दोनच, तळवे तीन, आणि टोळवटवट्याला काही थांबायचं नव्हतं.